रंगाऱ्याच्या घरची वायर

रंगाऱ्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची बंदी होती. आजची नाही, लग्न झालं तेव्हापासूनची. जन्मभर लोकांच्या भिंती घासून, भेगांत लांबीची पुट्टी भरून, रंगवून त्याचा जीव भिंतींत अडकला होता. कुणी हातोडी उचलली की याच्या कपाळाला आठ्या. "कॅलेंडर टेबलावर ठेवलं तर तारीख बदलायची थांबते का?" असं तो बायकोला विचारायचा. बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "तुमचं लग्न भिंतीशीच लावायला हवं होतं. मला उगाच मध्ये आणलं."

बायको शिवणकाम करायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आता दोघंच, रंगारी आणि त्याच्या सासूबाई.

सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन्ही मुलींना येत होतं, पण त्या तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकल्या, आणि लग्नानंतर रंगाऱ्यालाही शिकावं लागलं. त्याची बोटं ब्रश धरून आखडलेली. सासूबाई म्हणायच्या, हा बोलतोय की डब्यात रंग ढवळतोय तेच कळत नाही. हातांच्या बोलीत त्यांच्या घरी अहो-जाहो नव्हतं. सासू-जावई असले तरी सगळा कारभार अरे-तुरेचा. नावंही खुणांचीच. हवेत ब्रश वरखाली फिरवला की रंगारी. सुई ओढल्यासारखा हात वर गेला की त्याची बायको. गालाला चिमटा घेतला की धाकटी मुलगी, कारण लहानपणी जो तो तिचे गाल ओढायचा.

ही धाकटी, म्हणजे रंगाऱ्याची मेहुणी, लांबच्या शहरात राहायची. रोज दुपारच्या चहाच्या वेळी मायलेकी टॅबवर समोरासमोर बसून बोलायच्या. बहीण गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, "आई, माझ्याकडे ये. तिथे आता तुझं कोण आहे?" आणि सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "रोज तर भेटतो आपण. तुझ्या घरी येऊन वेगळं काय करणार?" चहा नेऊन देताना रंगाऱ्याला ते उत्तर दिसायचं आणि आणखी एक दिवस पदरात पडल्यासारखं वाटायचं. सासूबाई गेल्या तर घरात तो आणि भिंती. भिंती कितीही लाडक्या असल्या तरी त्या जेवायला समोर बसत नाहीत.

अशात इंटरनेटच्या जुन्या कंपनीने त्या भागातला गाशा गुंडाळला. नव्या कंपनीचा माणूस येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी मायलेकींचं बोलणं आटोपल्यावर रंगाऱ्याने पुढच्या खोलीतला जुना राउटर काढून, कंपनीला परत द्यायचा म्हणून पिशवीत भरला. राउटरमागची भिंत बघून त्याची त्यालाच लाज वाटली. धूळ, डाग, भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगच्या पट्टीलगतच्या खाचेतून लोंबणारं एक वायरीचं टोक, बाहेरून आलेलं दुसरं. परका कारागीर घरात येणार आणि रंगाऱ्याची भिंत अशी बघणार? त्याने दोन्ही टोकं पकडीने मुळाशी कापली, उरलेली आत दाबली, वर लांबी भरली, घासली, दोन हात रंगाचे मारले. मागे सरून बघितलं. तिथे कधी काही होतं असं ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेटवाला आला. चाळिशीचा, अंगाने भरलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दारातच रंगाऱ्याने त्याला बजावलं, "भिंतीला धक्का लावायचा नाही."

"काका, मी वायर जोडायला आलोय, घर पाडायला नाही."

"सगळे असंच म्हणतात."

नेटवाल्याने खिडकीच्या फटीतून बाहेरची बारीक तार आत घेतली, नवा राउटर टेबलावर ठेवला, दिवे लागायची वाट बघितली. मग रंगाऱ्याकडून मोबाइल आणि टॅब मागून घेतले. त्यात आजूबाजूच्या घरांच्या वायफायची दहा नावं दिसत होती. त्यातून नवं नाव निवडलं, पासवर्ड घातला आणि नेट जोडून दिलं. पुढच्या खोलीत सगळं पाण्यासारखं वाहू लागलं. रंगारी खूश. "चहा घे," तो म्हणाला, आणि टॅब मागच्या खोलीत सासूबाईंना देऊन आला.

मागची खोली म्हणजे एक मोठी लांबोळकी खोली होती. अलीकडच्या अर्ध्यात बायकोचं शिवणयंत्र आणि माणूसभर उंचीचा आरसा, पलीकडच्या अर्ध्यात सासूबाईंचा पलंग आणि कपाट. मध्ये भिंत नव्हती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड पडदा होता. सासूबाईंना दार वाजवलेलं कळत नसे, म्हणून पडदा. आत जाण्याआधी तो हलवायचा, की त्या मान वर करायच्या.

चहाला उकळी येतेय तोच पडद्याआडून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. रंगारी धावला.

टॅबवर मेहुणीचा चेहरा चौकोन-चौकोन होऊन थिजला होता. एक हात हवेत, बोटं अर्धवट उघडलेली, वाक्य तिथेच लटकलेलं. मध्येच चित्र हललं, दोन खुणा भरभर निघून गेल्या आणि पुन्हा थिजलं. तुमच्या-आमच्या फोनवर चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, काम भागतं. सासूबाईंना आवाजाचा उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीने मुलगी बोलता बोलता तोंडावर दार लावून घेत होती.

आवाज मात्र रंगाऱ्याला नीट येत होता. "भावजी, काय झालंय? आई मला तुकड्या-तुकड्यांत दिसतेय."

"नवं कनेक्शन घेतलंय. थांब जरा, करतो."

"आई काय म्हणते?"

सासूबाई काय म्हणतात ते त्याला दिसत होतं. त्या म्हणत होत्या, "हिचं तोंड बघायचं तर आता हिच्याकडेच गेलं पाहिजे."

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण त्याच्या हातांना आणि तोंडाला एकमेकांशी खोटं बोलायची सवय नव्हती. त्याने जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे मेहुणीचा आवाज उजळला. "मग मी रविवारी येते तिला न्यायला. सांगा तिला, भावजी."

आणि सांगायचं कुणी? त्यानेच. सासूबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याने गालाला चिमटा घेतला, रविवार दाखवला, "न्यायला येते" असं सांगितलं. हात जड झाले होते. इतके, की सासूबाई म्हणाल्या, "ढवळू नकोस. परत सांग."

त्याने परत सांगितलं.

सासूबाईंनी थोडा वेळ टॅबवरच्या त्या लटकलेल्या हाताकडे पाहिलं. "ये म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि टॅब पालथा घातला.

रंगारी बाहेर आला तेव्हा चहा उतू गेला होता आणि नेटवाला तो पुसत होता.

"आतपर्यंत पोचत नाही," रंगारी म्हणाला.

नेटवाल्याने मोबाइल हातात धरून चक्कर मारली. "राउटर ठणठणीत आहे, काका. पण मध्ये दोन भिंती, आणि त्यात तो आरसा. आरशाच्या पाठीला मुलामा असतो, तो आलेलं नेट माघारी धाडतो. आधी कसं चालायचं?"

"चालायचं."

"पण कसं?"

"ते बायको बघायची. नळ सोडल्यावर पाणी कुठून येतं ते विचारतो का आपण?"

त्यांनी आरसा सरकवून पाहिला, राउटर कपाटावर चढवून पाहिला. पुढच्या खोलीत वाहतंय, आत थेंब-थेंब. आणि पुढे खिडकीत बसून, रस्त्यावरच्यांना दिसेल असं बोलणं सासूबाईंना कधीच मान्य नव्हतं. नेटवाल्याने घाम पुसला. "आतल्यासाठी दुसरा राउटर मागवता येईल, पण तो कधी येईल देव जाणे. नाहीतर हाच आत नेऊन बसवतो. पण मग बाहेरची तार भिंतींतून ओढावी लागेल. तीन भोकं आणि वाटेत क्लिपा. खिळ्यांच्या." शेवटचा शब्द त्याने जरा हळूच उच्चारला.

"मार," रंगारी म्हणाला.

"काय?"

"भोकं मार. लागतील तेवढी."

नेटवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, गाडीतून ड्रिल आणलं आणि आतली भिंत ठोकून बघायला लागला. रंगाऱ्याने स्वतःच कानावरची पेन्सिल काढून पलंगाशेजारच्या भिंतीवर फुली मारली. या भिंतीला ओल यायची. दर दोन वर्षांनी तो ती खरवडून नव्याने करायचा. घरातली सगळ्यात लाड झालेली भिंत हीच. 

सासूबाईंनी ड्रिल पाहिलं. मग फुली पाहिली. मग जावयाकडे. काठी टेकत उठल्या आणि त्यांनी तळहात त्या फुलीवर पालथा ठेवला.

"आई, बाजूला व्हा," तो तोंडानेच म्हणून गेला.

सासूबाई एका हाताने बोलू लागल्या. एका हाताने बोलणं म्हणजे त्यांच्या घरी आवाज चढवण्यासारखं होतं. "हिला एक भोक पडू नये म्हणून माझी पोर आठवडाभर गुडघ्यांवर रांगली. आणि तू आता स्वतःच पाडतोस?"

"कोण रांगली?"

सुई ओढल्यासारखा हात वर गेला.

"काय म्हणतात त्या?" नेटवाल्याने विचारलं.

"थांब," रंगारी म्हणाला. "मलाच कळत नाहीये."

सासूबाईंनी फुलीवरचा हात काढला, दोन्ही हात मोकळे केले आणि सगळं सांगितलं. मागेही काही दिवस असंच चित्र अडकायचं. तेव्हा रंगारी परगावी एका मोठ्या इमारतीच्या कामावर गेला होता. बायकोने वायर आणली, आत नेट पसरवणारी एक छोटी डबी आणली आणि पुढच्या खोलीपासून, दारांतून वळवत, इथपर्यंत वायर ओढली. सासूबाई कात्री धरून मागे मागे. काम झाल्यावर लेकीने आईकडून वचन घेतलं, रंगाऱ्याला सांगायचं नाही. भिंतींना हात लावला म्हणून घर डोक्यावर घेईल.

"मी वचन मोडणार नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "निमूट गेले असते. पण तूच ड्रिल घेऊन आलास. भिंतच राहणार नसेल, तर मी वचन कुणासाठी राखू?"

"वायर आहे कुठे?"

त्यांनी कपाटाच्या वर बोट दाखवलं. तिथे एक कापडी टोपी घातलेली डबी होती. रंगाऱ्याने ती रोज पाहिली होती आणि बायकोचा टाचण्यांचा डबा असेल असं धरून चालला होता. टोपी विरळ जाळीची होती, आत हवा खेळावी म्हणून. पलंगाच्या बाजूला मात्र जाड अस्तर लावलेलं, रात्री दिव्याचा उजेड आईच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. नेटवाल्याने टोपी उचलली. आत लाल दिवा जळत होता.

"अरे वा," तो म्हणाला. "काका, हा तर जिवंत आहे. वीज आहे, फक्त नेट येत नाहीये. याची वायर कुठे जाते?"

वायर डबीच्या पाठीतून निघाली, कपाटाच्या कडेने वर चढली आणि पडद्यात शिरली.

"पडद्यात?" नेटवाला स्टुलावर चढला. पडद्याची वरची पट्टी त्याने बोटांनी चाचपली. "पडद्याच्या पट्टीत शिवलीय! या टोकापासून त्या टोकापर्यंत! अहो, पण पडदा सरकवला की तुटायला पाहिजे होती." त्याने पडदा सरकवला, परत ओढला. मग खाली न बघता म्हणाला, "प्रत्येक चुणीत थोडी ढील ठेवलीय. पडदा मिटतो तशी वायर मिटते. आणि कोपऱ्यात बघा, वळण कशावरून घेतलंय. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावरून. वायरीला कोन पडला की आतली तार मोडते. आम्हाला हे शिकवतात आणि आम्ही विसरतो. कुणी शिवलं हे?"

"आमच्या घरातल्यांनी," रंगारी म्हणाला. मग नीट सांगितलं, "बायकोने."

त्याने सासूबाईंना विचारलं, "पण पडद्यातून का? या भिंतीच्या कडेने सरळ आली असती."

"ती म्हणाली, ही भिंत तो दर दोन वर्षांनी खरवडतो. त्याच्या खरवडायच्या पत्र्यापासून लांब ठेवलेली बरी, नाहीतर एक दिवस कापून मोकळा होईल."

रंगाऱ्याने पुढच्या खोलीकडे मान वळवली.

कालची पकड त्याला आठवली. स्कर्टिंगच्या खाचेतून लोंबणारं ते टोक. बायकोने सगळ्या घरात त्याच्या हातापासून वायर वाचवली होती, आणि जिथे वाचवायची राहिली नेमकी तिथे त्याने ती कापून, वर दोन हात रंगाचे देऊन, पुरून टाकली होती.

"काय झालं?" नेटवाल्याने विचारलं.

"ती वायर माझ्या भिंतीत आहे."

दोघं पुढच्या खोलीत गेले. आणि तिथे दुसरीच पंचाईत. काल कुठे लांबी भरली ते रंगाऱ्यालाच सापडेना. रंगाला रंग असा मिळाला होता की डोळ्याला पत्ता लागेना, बोटाला लागेना. "काका, एवढं चांगलं काम करायची काय गरज होती?" नेटवाला म्हणाला. उभ्या जन्मात त्याच्या कामाला अशी शिवी कुणी दिली नव्हती.

शेवटी रंगाऱ्याने टॉर्च आणला, खिडकीचे पडदे ओढून खोली अंधारी केली आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. आडव्या उजेडात भिंत काही लपवत नाही. स्कर्टिंगच्या वर नखाएवढा फुगवटा दिसला. त्याने पत्रा घेतला आणि ताजी लांबी हलक्या हाताने सोलली. आत वायरीचं टोक होतं. त्याने ते चिमटीत धरून जरा ओढलं, तशी खाचेतली जुनी लांबी पुढे वीतभर उकलली, आणि वायर मोकळी झाली.

उकललेली लांबी हातात घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला. ही खाच त्याने रंगवली होती. परगावाहून आल्या आल्या बायको म्हणाली होती, स्कर्टिंग फार मळलंय, एक हात मारा ना. लांबी आधीच भरलेली दिसली. मागे कधीतरी आपणच भरली असेल, असं समजून त्याने वरून ब्रश फिरवला होता. कडा कशी धारदार, पृष्ठ कसं सपाट. कुठे बोटाचा ठसा नाही. दुसऱ्या कुणाची लांबी तो लांबून ओळखायचा, रस्त्याने जाता जाता लोकांच्या घरांना नावं ठेवायचा. आणि ही त्याला स्वतःच्या हातची वाटली होती.

"शिकली कधी?" तो स्वतःशीच म्हणाला.

 नेटवाल्याने वायरीचं टोक सोललं, आतल्या रंगीत तारा ओळीने लावल्या, पारदर्शक प्लग दाबून बसवला आणि राउटरच्या पाठीत खुपसला. कट् असा आवाज झाला. मग मागच्या खोलीत जाऊन ओरडला, "हिरवा! काका, हिरवा झाला!"

टॅबवर या डबीचं पूर्वीचं नाव होतंच, साधं, "मागची खोली". नेटवाल्याने त्याच्यावर बोट ठेवलं. टॅबने पासवर्डही विचारला नाही; ओळखीच्या माणसाला दारात कोण अडवतं?

फोन लागला. मेहुणी दिसली, अखंड, कपाळावरच्या बटेसकट. तिचे हात सुटले ते थांबेनात. रंगारी पडद्याच्या अलीकडे उभा होता; यंत्राजवळच्या आरशात त्याला पडद्याच्या फटीतून पलीकडचं सगळं दिसत होतं. खुणा उलट्या दिसत होत्या, पण कळत होत्या. "आता नीट दिसतेयस. पण रविवारी मी येतेच. ये म्हणालीस ना? कपडे भरून ठेव."

सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले.  रंगाऱ्याला पडद्याची कड मुठीत धरायचा मोह झाला, पण त्याने ती धरली नाही.

मग त्यांचे हात वर आले. "रविवारी ये. जेवायला ये. मला न्यायला नको."

"का? मघाशी तर..."

"सुईची वायर या पडद्यात आहे. मी गेले तर हा रंगारी पडदा धुवायला टाकेल. नाहीतर रंगवून ठेवेल."

मेहुणी हसायला लागली. तिचं हसणं रंगाऱ्याला ऐकू आलं, सासूबाईंना दिसलं. त्याने पडदा हलवला आणि चहा आत नेला.

नेटवाला जाताना पुढच्या खोलीतल्या उकललेल्या खाचेपाशी थांबला. "हे भरून घ्या, काका. तुम्हाला चैन पडायची नाही."

"भरतो," रंगारी म्हणाला. "पण टोकाला जागा सोडून."

"आणि तो पडदा सांभाळा. कोपऱ्यात एक टाका उसवलाय. मी पट्टी चाचपली ना, तेव्हा गेला."

नेटवाला गेल्यावर त्याने बायकोच्या डब्यातून सुई काढली, दोरा ओवायला पाच वेळा चुकला आणि स्टुलावर चढून उसवलेली पट्टी धरली. तिचे टाके इतके बारीक होते की बोटाखाली फक्त कापड लागत होतं. त्याने पहिला टाका घातला. तो दोरखंडासारखा दिसला.

खालून काठीचं टोक त्याच्या पायाला टोचलं. सासूबाई टॅब बाजूला ठेवून बघत होत्या, आणि टॅबमधून मेहुणीही बघत होती.

"उसव," सासूबाई म्हणाल्या. "परत घाल. लहान."